आपटलं कोणी?

"आईला हादरा बसता कामा नये," इस्त्री केलेला शर्ट हातात देत बायकोने कॅप्टनला पुन्हा एकदा बजावलं.

"हादरा? माझ्या विमानात?" कॅप्टन आरशातल्या स्वतःकडे बघून हसला. "अगं, माझं विमान उतरलं हे विमानालासुद्धा उशिरा कळतं."

"मला माहितीये. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय. आईला नाही माहिती."

"त्यांनाही माहितीये. दर फोनला सांगतो की मी."

हे मात्र अगदी खरं होतं. सासूबाई फोन करायच्या लेकीशी बोलायला. पण फोन कॅप्टनच्या हाती लागला की आधी त्याने कुठे कुठे विमान उतरवलं आणि ते कसं लोण्यासारखं उतरलं याचं साग्रसंगीत वर्णन ऐकावं लागायचं. सासूबाईंनी जन्मात विमानात पाय ठेवला नव्हता आणि ठेवायची इच्छाही नव्हती. पण जावयाने इतकी वर्षं इतकं लोणी लावलं, की शेवटी कंटाळून त्या म्हणाल्या, "बरं बाई, येते एकदाची. पण जावईबापू स्वतः चालवणार असतील तरच." त्या आज येणार होत्या, चांगल्या दोन-चार महिने राहायला.

"आणि हे बघ," बायको म्हणाली, "तिला जरा जरी धक्का बसला ना, तर पुढचे सगळे महिने ती मला ऐकवणार आणि मी तुला."

"तू निश्चिंत राहा. आणि आज आणखी एक जण येतंय विमानात," कॅप्टन टाय ठीक करत म्हणाला. "मोठ्या बाई."

बायकोचा चेहरा बदलला. मोठ्या बाई म्हणजे कंपनीच्या मुख्य वैमानिक. प्रशिक्षक कॅप्टनची एक जागा रिकामी होती आणि ती कोणाला द्यायची हे त्यांच्या हातात होतं. आज त्या कॅप्टनच्या मागे बसून त्याचं काम बघणार होत्या. त्यानंतर फक्त शिक्कामोर्तब व्हायचं बाकी, असं कॅप्टनचं म्हणणं होतं. बाईंचं म्हणणं अजून कोणी विचारलं नव्हतं. तरी कॅप्टनने दारावर लावायची पितळी पाटी करूनसुद्धा आणली होती. तिच्यावर नावाच्या आधी ठसठशीत अक्षरांत 'प्रशिक्षक' असं कोरलेलं होतं. पाटी सध्या कपाटात, धुतलेल्या चादरींच्या खाली होती. शेजारीपाजारी मात्र बातमी केव्हाच पोचली होती, कारण ती कॅप्टनने स्वतः जिना चढता-उतरताना पोचवली होती.

आता या कॅप्टनविषयी थोडं सांगायला हवं. त्याला विमान उडवता येत होतं, आणि ते बऱ्याच जणांना येतं. त्याला वेड होतं ते हळुवार उतरण्याचं. विमान कुठे टेकवायचं हे दाखवायला धावपट्टीवर पांढरे जाड पट्टे रंगवलेले असतात. शहाणी माणसं त्या पट्ट्यांवर विमान ठामपणे टेकवतात, म्हणजे थांबायला पुढची सगळी जमीन मोकळी राहते. पट्टी ओली असेल तर मुद्दाम जरा जोरात टेकवतात, म्हणजे चाकं पाण्यावरून न घसरता जमीन धरतात. थोडासा धक्का बसतो, पण त्यात कोणाचं काही जात नाही.

हे सगळं कॅप्टनला पाठ होतं आणि ते दुसऱ्यांसाठी असतं अशी त्याची समजूत होती. तो पट्ट्यांवर आला की विमान जमिनीच्या हातभर वर धरायचा आणि तसंच पुढे न्यायचा. आता टेकेल, मग टेकेल, असं करत अर्धी धावपट्टी मागे जायची आणि मग कधीतरी चाकं चोरपावलांनी जमिनीला लागायची. उतरल्यावर इंजिनांचा उलटा जोर लावून विमान आवरायचं असतं, पण त्याचा मोठा आवाज होतो आणि प्रवाशांची शांतता भंगते, म्हणून तोही तो नावालाच लावायचा. नेहमीचा विमानतळ मोठा होता, धावपट्टी ऐसपैस होती, म्हणून आजवर सगळं खपून गेलं. वैमानिकांच्या खोलीत सगळे त्याला पाठीमागे 'लोणी' म्हणायचे. एकदा ते त्याच्या कानावर आलं, तेव्हा त्याला वाटलं की हे कौतुक आहे.

आणि टाळ्या! काही वर्षांपूर्वी एक खेळाडूंचा संघ कुठलीशी स्पर्धा जिंकून त्याच्या विमानातून परत येत होता. पोरं वाटभर गाणी म्हणत होती, टाळ्या पिटत होती. विमान टेकलं तेव्हाही पिटत होती. त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत असं कॅप्टनने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी विमान उतरलं आणि कोणी टाळी वाजवली नाही, तेव्हा हा गृहस्थ घरी येऊन जेवला नाही. मग त्याने प्रमुख हवाईसेविकेला बाजूला घेतलं.

"लोकांच्या मनात असतं गं, पण लाजतात. कोणीतरी सुरुवात करावी लागते."

"म्हणजे मी?"

"दोनच टाळ्या. पुढचं लोक बघतात."

कॅप्टनशी कोण वाकडं घेणार? ती बिचारी सुरुवात करू लागली आणि लोक खरोखरच वाजवू लागले. अडचण एवढीच होती की सुरुवात कधी करायची ते तिला कळायचं नाही. तिची खुर्ची दाराजवळ, कॉकपिटकडे पाठ करून. ना धक्का बसायचा, ना इंजिनांची गर्जना व्हायची. मग तिने आपला एक अंदाज बसवला. इंजिनं शांत झाली आणि दाराच्या छोट्या खिडकीतून शेजारी धावपट्टी पळताना दिसली, की क्षणभर थांबायचं आणि टाळी वाजवायची. आजवर हा अंदाज कधी चुकला नव्हता. निदान चुकल्याचं कोणाला कळलं नव्हतं.

सासूबाईंच्या गावाहून परतीची फेरी निघायची होती. त्या विमानाच्या शिडीवरून दोन्ही कठडे गच्च धरून वर आल्या. दारात जावई गणवेशात उभा होता.

"या आई, या! कशा आहात?"

"उतरले की सांगते," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दाराच्या कडेवर बोटांनी ठोकून बघितलं. "एवढं पातळ?"

"मजबूत असतं ते. बसा, पहिल्या रांगेत जागा ठेवलीये तुमची. आणि अजिबात घाबरायचं नाही. कधी उतरलो ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

सासूबाई थबकल्या. "कळणार नाही? मग मी उठायचं कधी?"

प्रश्न बिनतोड होता. पण कॅप्टनला त्यात फक्त स्वतःची स्तुती ऐकू आली. "टाळ्या पडल्या की उठा," तो मान तिरकी करून म्हणाला. "माझ्या विमानात टाळ्या पडतात."

"कशाला?"

"कळेल तुम्हाला."

तेवढ्यात मागून मोठ्या बाई आल्या. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, हातात छोटी बॅग. त्यांनी टाळ्यांचं ऐकलं होतं की नाही ते चेहऱ्यावरून समजलं नाही. "चला कॅप्टन," त्या म्हणाल्या आणि कॉकपिटमधल्या मागच्या खुर्चीवर जाऊन बसल्या. "मी इथे नाहीच असं समजा."

असं सांगितलं की माणसाच्या मानेवर सतत कोणीतरी बघतंय असं वाटत राहतं. कॅप्टनचंही तसंच झालं. मग त्याने प्रशिक्षकासारखं दिसायला शेजारच्या सहवैमानिक मुलीला शिकवायला सुरुवात केली. ही मुलगी नवी होती. नियमात जे जे मोठ्याने म्हणायला सांगितलंय ते ते ती मोठ्याने म्हणायची आणि कॅप्टनला त्याचा फार त्रास व्हायचा.

"हे बघ," विमान वर पोचून स्थिरावल्यावर तो म्हणाला, "विमान काय, कोणीही उतरवेल. प्रवाशाला कसं उतरवायचं ते शिकायला हवं. प्रवासी म्हणजे काचेचं सामान."

"हो सर."

"लोकांना मी कसा आठवतो? उतरण्यावरून. वर काय केलं ते कोणाला दिसतं?"

"हो सर."

मागून बाईंचा आवाज आला नाही. कॅप्टनला वाटलं, त्या प्रभावित झाल्या असाव्यात.

विमानतळ जवळ आला तेव्हा खालून निरोप आला: मोठी धावपट्टी दुरुस्तीसाठी बंद केलीय, आखूड धावपट्टीवर उतरा. नुकतीच एक सर येऊन गेलीय, पट्टी ओली आहे.

"सर, आखूड पट्टी, ओली," मुलगी म्हणाली. "पट्ट्यांवरच टेकवायचं ना? आणि उलटा जोर पूर्ण?"

"बघू गं. किती घाबरतेस!"

घाबरला होता तो स्वतःच. एक बाई त्याच्या पाठीमागे बसल्या होत्या आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे पहिल्या रांगेत. पाठीमागच्या बाईंना विमान ठाम टेकलेलं हवं होतं, पहिल्या रांगेतल्या बाईंना हादरा चालणार नव्हता आणि तिसरी घरी बसून आईची वाट बघत होती. विचार करता करता कॅप्टनने नेहमीचाच निर्णय घेतला. दोघींनाही खूश करायचं. पट्ट्यांवरच टेकवू, पण असं की कळणारही नाही. असं कोणालाच जमत नाही, पण ते त्याला कोणी सांगायचं?

विमान धावपट्टीच्या उंबरठ्यावरून आत आलं. पांढरे पट्टे समोर आले. कॅप्टनने इंजिनं शांत केली, नाक जरासं उचललं आणि विमान हातभर उंचीवर अलगद धरलं. पट्टे चाकांखालून निघून गेले.

"पट्टे मागे गेले, सर," मुलगी म्हणाली.

"येतंय, येतंय."

"लांब जातोय, सर."

"अगं, थांब ना! आता टेकेल."

धावपट्टीच्या कडेचे दिवे एकेक करून मागे पळत होते. विमान काही टेकत नव्हतं. जरासं खाली दाबलं असतं तर टेकलं असतं, पण मग धप्प झालं असतं, आणि पहिल्या रांगेत धप्प होऊन चालणार नव्हतं. समोर पट्टीचं टोक दिसू लागलं.

"गो अराउंड, सर!" मुलगी ओरडली.

"कॅप्टन," मागून बाई एवढंच म्हणाल्या, "वर."

कॅप्टनने दात-ओठ खाऊन इंजिनांना पूर्ण जोर दिला. अशी गर्जना झाली की त्याची सगळ्या वर्षांची शांतता एका झटक्यात वसूल झाली. विमानाने नाक आभाळाकडे केलं आणि ते चढू लागलं. उतरता उतरता परत वर जाणं यात खरं म्हणजे काडीचीही लाज नाही. चांगला वैमानिक तेच करतो आणि घरी जाऊन निवांत झोपतो. पण कॅप्टन आजवर कधी परत फिरला नव्हता आणि तेही तो लोकांना सांगत असे. त्याला वाटलं, याहून वाईट आता काही होऊ शकत नाही.

आणि केबिनचा फोन वाजला. फोन स्पीकरवर होता, म्हणजे बाईंनाही ऐकू जात होता.

"सर! सर, काय केलंत? लोक उभे होते!" प्रमुख हवाईसेविका रडकुंडीला आली होती.

"उभे? उभे कशाला?"

"उतरलो म्हणून!"

"कोणी सांगितलं उतरलो म्हणून?"

"टाळ्या पडल्या ना सर!"

बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी शांतपणे विचारलं, "टाळ्या कोणी सुरू केल्या?"

"मी, मॅडम. म्हणजे रोजच करते. सरांनी सांगून ठेवलंय ना, की दोन वाजव म्हणून."

सहवैमानिक मुलीने समोरच्या काचेतून ढगांकडे लक्ष दिलं. तिने ओठ असे घट्ट मिटले होते, जसे फक्त हसू दाबण्यासाठीच मिटतात.

"कोणाला लागलं का?" कॅप्टनने कसंबसं विचारलं.

"नाही सर, कोणाला लागलं नाही. पण..."

पण बरंच झालं होतं. इंजिनं शांत झाली, खिडकीबाहेर धावपट्टी पळताना दिसली, हवाईसेविकेने दोन टाळ्या वाजवल्या आणि अख्ख्या विमानाने वाजवल्या. मग, जगात कुठेही होतं तेच झालं. विमान थांबेपर्यंत बसून राहा असं कितीही सांगितलं तरी जी माणसं आधी उठतात ती उठली. कमरेचे पट्टे सुटल्याचे खटखट आवाज आले, वरची कपाटं उघडली, बॅगा ओढल्या गेल्या, फोन कानाला लागले. "हो, उतरलो, उतरलो, बाहेर येतोच," असं एक गृहस्थ घरी सांगत असतानाच विमान आभाळाकडे निघालं. ते गृहस्थ मागच्या मागे दोन रांगा चालत गेले आणि एका अनोळखी बाईंच्या मांडीवर बसले. फोन चालूच होता. "कोण आहे रे ती?" एवढं पलीकडून सगळ्यांना ऐकू आलं. एका मुलीने वाढदिवसाचा केक वरच्या कपाटातून नुकताच काढला होता. तो खोक्यातून निघाला आणि एका टक्कल पडलेल्या साहेबांच्या डोक्यावर जाऊन विसावला. साहेब झोपेत होते. ते जागे झाले, त्यांनी डोक्यावर हात फिरवला आणि "लागलं, लागलं! काहीतरी मऊ येतंय!" असं किंचाळले.

पहिल्या रांगेत सासूबाई उभ्या होत्या. टाळ्या पडल्या की उठायचं असं सांगितलं होतं, म्हणून त्या उठल्या होत्या. नाक वर झाल्यावर त्या जागच्या जागी खाली बसल्या आणि पदर सावरून शेजारच्याला म्हणाल्या, "काहीतरी विसरले असतील."

"विसरले?"

"नाहीतर उतरल्यावर परत कशाला जातील?"

हे सगळं अर्थात कॅप्टनला फोनवर पुरतं कळलं नाही. त्याला कळलं ते एवढंच, की आपल्याला प्रवाशांशी बोलावं लागणार. त्याने माईक उचलला आणि आपला सर्वांत गोड आवाज काढला.

"प्रवासी मित्रहो, मी तुमचा कॅप्टन बोलतोय. आपण नुकतीच धावपट्टीची जवळून पाहणी केली. ती समाधानकारक आढळल्यामुळे आता आपण उतरणार आहोत."

"पाहणी?" मागून बाई म्हणाल्या.

"लोक घाबरू नयेत म्हणून, मॅडम."

भिंतीपलीकडून एकच गलका ऐकू आला. विमानातली सगळी माणसं एकदम बोलत होती. "मग मघाशी उतरलो होतो की नाही?" "उतरलो होतो, टाळ्या वाजवल्या की मी!" "अहो, मग परत का उडालो?" "मला काय माहिती? टाळ्या तुम्हीच वाजवल्या ना?" त्यांतला कोणी कोणावर विश्वास ठेवत नव्हता, आणि कॅप्टनवर तर कोणीच ठेवत नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला, परत लावला.

"कॅप्टन, ऐका. आता मला लोणी नको. पट्ट्यांवर टेकवायचं. चाकं जमिनीला लागली हे मला कळलं पाहिजे, तुम्हाला कळलं पाहिजे आणि त्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला कळलं पाहिजे. आणि उलटा जोर पूर्ण. आवाज झाला तर होऊ दे."

"पण मॅडम, पहिल्या रांगेत माझ्या सासू..."

"त्यांनाही कळलं पाहिजे."

आता प्रश्न फक्त सासूचा राहिला नव्हता. चादरींखालची पितळी पाटी त्याच्या डोळ्यांपुढे आली. प्रशिक्षकाची जागा अजून पुरती हातची गेली नसेल, तर ती या एका उतरण्यावर होती. आणि जागा वाचवायची तर ज्या गोष्टीवर तो इतकी वर्षं जगला ती स्वतःच्या हातांनी मोडायला हवी होती. त्याचा जीव तीळतीळ तुटला. पण तो काही अगदीच वेडा नव्हता.

विमान पुन्हा पट्टीवर आलं. पांढरे पट्टे समोर आले. हात आपोआप नाक जास्त उचलायला निघाला. त्याने तो दाबून धरला. पट्टे चाकांखाली आले.

धाडकन.

विमान जमिनीला लागलं आणि लागल्याचं पार शेपटीपर्यंत समजलं. वरची कपाटं खडखडली. कॅप्टनने डोळे मिटून उलटा जोर ओढला. इंजिनं गर्जली, ब्रेक लागले, सगळी माणसं पुढे झुकली आणि विमान अर्ध्या पट्टीत मुकाट्याने चालीवर आलं. इतकं नीट, इतकं नियमाला धरून तो कैक वर्षांत उतरला नव्हता.

"छान," बाई म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून हा शब्द क्वचित निघत असे. पण कॅप्टनचं तिकडे लक्ष नव्हतं. तो मान खाली घालून ओरडण्याची वाट बघत होता. भिंतीपलीकडे सगळं चिडीचूप होतं. हवाईसेविका हात मांडीखाली दाबून बसली होती. आता जन्मात टाळी वाजवणार नाही असं तिने ठरवलं होतं.

आणि टाळ्या पडल्या. आधी पहिल्या रांगेतून, एकाच माणसाच्या, सणसणीत. मग दुसऱ्या रांगेतून, मग मागून, मग सगळीकडून. कोणी शिट्टी वाजवली. केकवाले साहेबसुद्धा चिकट हातांनी वाजवत होते. लोक एकमेकांना सांगत होते, "लागलं, लागलं! आता खरंच लागलं!" कोणी सुरुवात करून दिली नव्हती, कोणाला सांगून ठेवलं नव्हतं. कॅप्टनच्या आयुष्यातल्या या पहिल्या खऱ्या टाळ्या होत्या आणि त्या ज्या धाडकन आपटण्यासाठी पडल्या, त्याची त्याला लाज वाटत होती.

पण टाळ्या त्या टाळ्याच. विमान थांबेपर्यंत त्याने लाज गिळून टाकली होती. नेहमीप्रमाणे टोपी घालून तो दारात जाऊन उभा राहिला. सहवैमानिक मुलगीही बाहेर आली. बाई थोड्या मागे उभ्या राहिल्या.

सगळ्यांत आधी सासूबाई आल्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं न पाहिलं आणि सरळ त्या मुलीचे दोन्ही हात हातात घेतले.

"कोणाची गं लेक तू? काय छान उतरवलंस! जमीन लागली म्हणजे लागल्याचं कळायला नको? असा जीव भांड्यात पडला माझा."

"नाही आजी, मी नाही. ते सरांनी उतरवलं," मुलगी गडबडून म्हणाली.

"बघा, किती नम्र पोर आहे!" सासूबाई मागच्या प्रवाशांकडे वळून म्हणाल्या. मागचे प्रवासी मुलीकडे कौतुकाने बघू लागले.

"आई," कॅप्टन पुढे झाला, "दुसऱ्यांदा उतरवलं ते मी. पहिल्यांदा..." त्याने मुलीकडे एक ओझरती नजर टाकली. पहिल्यांदाचं कोणावर ढकलता येतंय का, असा विचार त्याच्या मनात आला हे सांगायला हवं. पण मागे बाई उभ्या होत्या, म्हणून वाक्य तिथेच राहिलं.

"जावईबापू, मला काय खुळी समजता?" सासूबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं फोनवर कोण सांगतंय? माझं विमान लोण्यासारखं, माझं विमान टेकलेलं कळत नाही. मग पहिल्या वेळेला जे टेकलेलं कळलंच नाही, ते तुमचं. आणि हे धाडकन टेकलं, ते या पोरीचं. साधी गोष्ट आहे."

"अहो आई, पहिल्या वेळेला टेकलंच नव्हतं!"

"तेच म्हणतेय मी. तुमचं टेकतच नाही."

मागे कोणीतरी खुदकन हसलं. "खरंय हो," फोनवाले गृहस्थ म्हणाले, "ताईंनी वाचवलं आज." केकवाल्या साहेबांनी मुलीला नमस्कार केला. रांग पुढे सरकू लागली आणि प्रत्येक जण मुलीला "थँक्यू हं ताई" म्हणून, कॅप्टनकडे कीव केल्यासारखं बघून शिडी उतरू लागला.

कॅप्टनच्या डोक्यात तिडीक गेली. ज्या माणसाने आयुष्यभर आपण किती अलगद टेकवतो हे जगाला ओरडून सांगितलं, तो आता विमानाच्या दारात टोपी काढून ओरडत होता, "अहो, मी आपटलं! ऐका ना! ते धाडकन आपटलं ना, ते मी आपटलं! या हातांनी!"

"सर, शांत व्हा," हवाईसेविका म्हणाली.

"मॅडम, तुम्ही तरी सांगा यांना!" तो बाईंकडे वळला. "आपटलं कोणी?"

"यांनीच आपटलं," बाई सासूबाईंना म्हणाल्या. "मी मागेच बसले होते."

सासूबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "मोठ्या जागेवरच्या माणसाला हाताखालच्यांना सांभाळून घ्यावंच लागतं. कळतं हो मला."

बाईंनी आपली छोटी बॅग उचलली.

"कॅप्टन, पुढच्या महिन्यात प्रशिक्षण वर्ग सुरू होतोय. तुमची जागा धरून ठेवते मी."

कॅप्टनचा चेहरा उजळला. "शिकवायला ना, मॅडम?"

"पहिल्या रांगेत," बाई म्हणाल्या आणि शिडी उतरून गेल्या.

कॅप्टन टोपी हातात घेऊन तसाच उभा राहिला. सासूबाईंनी पर्समधून पेपरमिंटची गोळी काढली, मुलीच्या हातावर ठेवली, मग थोडा विचार करून दुसरी काढली आणि जावयाला दिली.

"मनाला लावून घेऊ नका, जावईबापू," त्या त्याच्या खांद्यावर थोपटत म्हणाल्या. "या पोरीकडून शिका थोडं. हळूहळू तुम्हालाही जमेल."